बिननावाचा तास

नामं बाजारात मिळतात, असं सर म्हणायचे. बोरीच्या आठवडी बाजारात उभं राहायचं आणि कान उघडे ठेवायचे, अर्धी डिक्शनरी फुकटात कानावर पडते. आणि ते खोटं नव्हतं. मोटर, पाइप, डीपी, लायट, सलाइन, इंजेक्शन, रिचार्ज, सिरियल, मीटिंग. जिनं शाळेची पायरी पाहिली नाही अशी म्हातारीसुद्धा "डॉक्टरनं रिपोर्ट नॉर्मल हाय म्हणला" असं सांगत भाजीच्या पाटीमागं बसलेली असायची. "मग आपल्या लोकान्ला इंग्लिश येत न्हाई म्हणतात, ते नेमकं काय येत न्हाई?" सर स्टाफरूममध्ये विचारायचे. आम्ही कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगायचे, "बारके शब्द येत न्हाईत. ही, इट, हिअर, देअर, जस्ट, ओन्ली. विटा समद्यांकडं हायत, मॅडम. गारा न्हाई."

मी गणिताची. मला विटा आणि गारा दोन्हींत काडीचा रस नव्हता. पण बोरीच्या शाळेत नोकरी लागली, नवरा नांदेडला, आणि परभणीहून रोज एसटीनं धक्के खायची तयारी नव्हती म्हणून सरांच्या घरातली माडीवरची खोली घेतली. तेव्हापासून शाळेत सर आणि घरीही सर, अशी दोन्हीकडून माझी कोंडी झाली.

उंच, काटकुळा माणूस. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, वैशाखातसुद्धा. सुताराची पेन्सिल असते तसा खडू कानावर. त्यामुळे उजव्या कानाच्या वरचे केस कायम पांढरे दिसायचे, आणि पुढं ते खरंच पांढरे झाले तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. दारात एक शेळी होती. तिच्याशी ते फक्त इंग्रजीत बोलायचे. "नॉट देअर. हिअर. स्लोली, स्लोली." आणि शेळी खरंच हळू यायची. शाळेतली पोरं म्हणायची, सरांच्या शेळीला आपल्यापेक्षा जास्त येतं. मुख्याध्यापकही तेच म्हणायचे, पण त्यांच्या तोंडून ते कौतुक वाटायचं नाही.

त्यांचा सगळ्यात गाजलेला प्रकार म्हणजे बिननावाचा तास. आठवड्यातून एकदा ते पोरांना मैदानातल्या लिंबाखाली नेऊन बसवायचे. नियम एकच, नाम उच्चारायचं नाही. वस्तूचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, गावाचं नाही. हाक मारायला 'सर' तेवढं माफ, बाकी जो नाव घेईल तो बाद. तहान लागली तर हात करून म्हणायचं, "सर, कॅन आय गेट इट फ्रॉम देअर?" पाणी म्हणजे इट, टाकी म्हणजे देअर. पहिले काही आठवडे पोरं मुक्यासारखी बसून राहायची. मग हळूहळू तोंड फुटायचं. एकदा दोन पोरांत मारामारी झाली आणि तिसरा सरांकडे धावत आला. "सर, ही डिड इट टु हिम, देअर, व्हेरी बॅडली, विथ धिस!" आणि हातातली चप्पल दाखवली. सर इतके खूश झाले की मारणाऱ्याला रागवायचं राहूनच गेलं. मार खाल्लेला तसाच रडत बसला होता. त्याला शेवटी मी तोंड धुवायला नेलं.

वरून एकदा एक साहेब तपासणीला आले होते. त्यांनी एका पोराला इंग्रजीत विचारलं, तुमचे हेडमास्तर कुठं आहेत? पोरगं ताडकन उभं राहून म्हणालं, "ही इज देअर ओन्ली, सर." साहेब हसले. म्हणाले, हे चुकीचं इंग्रजी आहे, ते 'ओन्ली' काढून टाका. झालं. सर पुढं सरकले.

"साहेब, 'तिथं हाय' आन् 'तिथंच हाय' ह्यात फरक हाय का न्हाई?"

"आहे की. पण तो मराठीत."

"माणूस बोरीचा, हेडमास्तर बोरीचा, तिथं बसल्यालाय ती खुर्ची बोरीची. मग त्यो 'च' इंग्लिशमधी जाताना नाक्यावर काढून ठेवायचा का?"

साहेबांनी चहा न घेता शेरा लिहिला. मुख्याध्यापक दोन दिवस सरांशी बोलले नाहीत. सर मात्र मधल्या सुट्टीत शेंगदाणे खात मला म्हणाले, "च साठी नोकरी गेली तरी चालंल, मॅडम." आणि असं म्हणताना ते अजिबात विनोद करत नव्हते.

सर्वनाम शिकवायची त्यांची पद्धत तर अख्ख्या गावाला माहीत होती. नव्या वर्गाला पहिल्याच आठवड्यात गृहपाठ द्यायचे. घरी जा, आईला बापाचं नाव विचारा, आणि ती काय म्हणते ते उद्या सांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता हशा. कुणाची आई "ह्ये" म्हणाली, कुणाची "आमचे मालक", कुणाची "कारभारी". कुणी नुसतं शेताकडं बोट करून "तिकडं गेलेत" म्हणाली. एकीनं पोरालाच धपाटा घातला. सर ते सगळं फळ्यावर मांडायचे. मालक, कारभारी हे नाम. ह्ये म्हणजे सर्वनाम. तिकडं म्हणजे क्रियाविशेषण. "बगा," म्हणायचे, "तुमच्या मायनं एका माणसाला तिन्ही ठिकाणी बसवलाय, फकस्त नाव सोडून. हिला ग्रामर कुणी शिकवलं? आन् तुमाला अवघड जायलंय!"

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे आईवडील मेंढरं राखायचे, एवढंच मला ठाऊक होतं. ती म्हणाली, "सर, माझी माय नाव घेती."

"नाव घेती? सरळ नाव?"

"हौ. बाप निघून गेलाय पुण्याकडं. यायचा न्हाई आता. ती नाव घेऊनच बोलती त्याचं."

मी शेजारच्या वर्गात होते, मधली भिंत नावापुरती. पलीकडचं सगळं मला ऐकू येत होतं. सरांनी तास मध्येच सोडला. तो गृहपाठ त्यांनी त्यानंतर कधी दिला नाही. संध्याकाळी ओसरीवर ही गोष्ट त्यांनी काकूंना सांगितली. काकू ज्वारी निवडत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला कशाचं भ्याव?"

काकू म्हणजे सरांची बायको. ठेंगण्या, रुंद, आणि आवाज असा की शेळी तीन गल्ल्या पलीकडं गेली तरी तिथून वळून यायची. साऱ्या घरात भांडणाची एकच बाब होती आणि ती लग्नाच्या दिवसापासून चालत आलेली होती. काकू सरांचं नाव घेत नव्हत्या.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, त्या वयाच्या कुठल्या बाईनं घेतलं? खरं आहे. पण बाकीच्यांना सोय असते. लेकरू झालं की नवऱ्याचा 'गंगीचा बाप' होतो आणि प्रश्न मिटतो. सर-काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे काकूंना ती सोयही नव्हती. त्यांच्याकडं होतं फक्त "अहो", "ऐकलं का" आणि हातातल्या बांगड्या. चहा झाला की तांब्यावर बांगडी वाजवायच्या. सर मुद्दाम वळायचे नाहीत. "अहो म्हणजे कोण?" पुस्तकातून मान न उचलता म्हणायचे. "गावात समदेच अहो."

"चहा निवायलाय."

"नाव घे. एकदा घे. शंभरदा नको."

"न्हाई घेणार. निवू द्या."

आणि चहा खरंच निवायचा.

लग्नात काकूंनी उखाण्यात नाव घेतलं होतं की नव्हतं, हा तर चाळीस वर्षांचा वाद. काकू म्हणायच्या, घास भरवताना घेतलं होतं, चांगलं खणखणीत. सर म्हणायचे, त्याच वेळी दारात बँड वाजायला लागला, मला काही ऐकू आलं नाही, सबब घेतलं नाही. "तुमचे कान बँडात होते त्याला मी काय करू?" काकू उसळून म्हणायच्या. हा वाद ते माझ्यापुढं मांडायचे, जणू मी न्यायाधीश. मी म्हणायचे, पुरावा नाही, केस रद्द. मला त्या भांडणाचं हसू यायचं. मी नवऱ्याला फोनवर "अरे" म्हणते हे ऐकून काकूंनी पहिल्यांदा कानावर हात ठेवले होते.

मग एके दिवशी, सर शाळेत होते तेव्हा, काकूंनी मला कारण सांगितलं. त्यांची थोरली बहीण सोनपेठकडं दिलेली होती. ती हसरी, बिनधास्त बाई. नवरा गोदाकाठच्या मळ्यात होता, भाकरी घेऊन गेलेली ही बांधावर उभी. पलीकडं आवाज पोचेना म्हणून तिनं सरळ नाव घेऊन हाक मारली. बाया हसल्या, तोही हसला. त्याच आठवड्यात त्याला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात, सापाचंही नाव घेत नाहीत. "ती अजून म्हणती, मी हाक मारली आन् त्यानं ऐकलं," काकू म्हणाल्या. "त्यानं म्हणजे यमानं."

"सरांना माहीत आहे हे?"

"हाय की. त्यान्ला वाटतं मी येडी हाय. असू द्या येडी."

त्यानंतर त्या वादात मी निकाल देणं सोडून दिलं. मला काकूंचं पटलं नव्हतं. पण त्या लाजत नव्हत्या, त्या भीत होत्या, आणि इतकी वर्षं रोज निवलेल्या चहामागं ही भीती होती, हे कळल्यावर हसू आटलं.

सर निवृत्त झाले. शाळेनं शाल दिली, नारळ दिला. पोरांनी लिंबाखाली शेवटचा बिननावाचा तास मागून घेतला आणि त्यात निरोपाचं भाषण केलं. "यू वेअर ऑलवेज हिअर. वी विल बी देअर." सर रडले. मीही रडले, गणिताच्या माणसानं अशा वेळी रडायला हरकत नसते.

त्यानंतर जे झालं त्याची आठवण आली की माझा मलाच राग येतो, साऱ्या गावाचा येतो. सरांची नामं जायला लागली. "ते द्या," ते दुकानात म्हणायचे. "ते, तिथलं, वरचं." दुकानदार हसायचा. "काय सर, तास सुरू का?" आणि त्यांच्या हाताकडं बघून साबण, काडेपेटी, चहापत्ती एकेक पुढं करायचा. सरही हसायचे. त्यांनी आयुष्यभर हाच खेळ खेळवला होता. ते खेळत नाहीत हे कुणाला कळावं? पारावरची माणसंही त्यांच्याशी तसंच बोलायची. "सर, ह्ये कवा जायचं तिकडं?" "ते? उद्या. हळूच." आणि हशा. काकूसुद्धा आधी वैतागल्या, मग हसल्या. "म्हातारपणी मलाच इद्यार्थी केलंय," म्हणाल्या.

कळलं ते असं. एका सकाळी सर ओसरीवर उभे होते आणि काकूंकडं बघत हाताची वाटी करून ओठांशी नेत होते. "ते," म्हणत होते. "ते. गरम. तुझं ते." काकूंनी त्यांचंच नेहमीचं वाक्य त्यांच्यावर उलटवलं. "नाव घ्या," म्हणाल्या. "एकदा घ्या. शंभरदा नको." सर खूप वेळ उभे राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला, आणि चहा हा शब्द न सापडल्यामुळे तो माणूस लहान लेकरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. काकूंच्या हातातलं पातेलं खाली पडलं.

परभणीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. मला समजावून सांगितलं, कारण मी शिकलेली. आधी वस्तूंची नावं जातील, मग माणसांची. तो, ते, इथं, तिथं, असे शब्द बराच काळ राहतील. जुनं जुनं शेवटपर्यंत टिकतं, बहुधा स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी जातं. बारके शब्द राहतील हे ऐकून सर माझ्याकडं बघून हसले. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद असेल किंवा नुसतंच हसले असतील. मला तिथं बसवेना, मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले.

पुढचं वर्ष-दीड वर्ष काकूंनी त्या माणसाला कसं सांभाळलं ते मी पाहिलं आहे. बांगडी वाजली की सर अजून वळायचे. मग बांगडीलाही वळेनासे झाले. शेळीशी मात्र बोलायचे, "हिअर, हिअर."

आणि मग तो बाजाराचा दिवस. कापसाची वेचणी चालू होती, तुरी माणूसभर उंच आणि फुलांनी पिवळ्या. दुपारी काकू दळण घेऊन गिरणीत गेल्या, मी शाळेत. त्या परत आल्या तेव्हा दार उघडं होतं आणि सर नव्हते. बाजारातल्या गर्दीतून ते कुठं गेले हे कुणीच धड पाहिलं नव्हतं. जुने विद्यार्थी गाड्या काढून निघाले, कुणी जिंतूरच्या रस्त्यानं, कुणी परभणीच्या. ग्रामपंचायतीच्या शिपायानं देवळाच्या भोंग्यावरून सांगायला सुरुवात केली. आपले इंग्लिशचे सर सापडत न्हाईत, अंगात पांढरा शर्ट हाय, कुणाला दिसले तर कळवा. मग सरांचं पूर्ण नाव घेऊन, आडनावासकट, "असाल तिथून देवळाकडं या" असं म्हणाला. ऊन उतरलं. थंडी पडायला लागली. शेताशेतांतून पोरं "सर, सर" ओरडत फिरत होती.

तेव्हा मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. सर हा शब्द त्यांच्यासाठी कधीच संपला होता. अहो संपला होता. स्वतःचं नाव तेवढं असलं तर असेल. पण त्या नावानं त्यांना हाक मारणारं कोण उरलं होतं? आई गेली, थोरला भाऊ गेला. गाव सर म्हणायचं, मुख्याध्यापक सर म्हणायचे, मी सर म्हणत होते. मी शिपायाच्या हातून माइक घेतला आणि नुसतं नाव घेऊन हाक मारली. जीभ अडखळली. वर्गात हजेरी घेतल्यासारखा तो आवाज निघाला. कुणी आलं नाही. नाव होतं, पण ते परक्या तोंडातून येत होतं.

मी घरी गेले. काकू ओसरीवर बायांच्या घोळक्यात बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं बसून सांगितलं, काकू, तुम्ही हाक मारा. नाव घेऊन. तुमचा आवाज ते ओळखतील.

काकूंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मागं सरकले. "बाई," त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडानं त्यांचं मरण मागू नका."

तेवढ्यात एक पोरगा ओढ्याकडून चप्पल घेऊन आला. एकच चप्पल, चिखलानं भरलेली, अंगठ्याला काकूंनीच दाभणानं शिवलेली. काकूंनी ती हातात घेतली, उलटी करून पाहिली. पदरानं पुसली. मग पदर खोचला आणि कुणाला काही न बोलता उठून चालायला लागल्या. आम्ही मागं.

देवळाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी माइक तोंडाशी धरला. आधी "अहो" म्हणाल्या. "अहो, घरी या." साऱ्या गावावरून, ओढ्यावरून, तुरीवरून तो आवाज गेला आणि काहीच झालं नाही. काकूंनी डोळे मिटले. आणि त्यांनी नाव घेतलं. पुढं सर नाही, मागं राव नाही, उखाणा नाही. एकेरी, उघडं नाव. एकदा घेतलं, मग थांबल्याच नाहीत. शेळीला बोलवायचा तोच आवाज, सगळा छातीतून काढलेला. पारावरची माणसं उभी राहिली. कुणी डोक्यावरची टोपी काढली. ती बाई काय करत होती आणि काय पणाला लावून करत होती, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला कळत होतं.

सर ओढ्याच्या बाजूनं आले. स्वतःच्या पायांनी, एक पाय अनवाणी, शर्टावर तुरीची पिवळी फुलं चिकटलेली. तुरीतच कुठंतरी बसून राहिले असणार. पोरं धरायला धावली तर त्यांनी हात झटकले. सरळ पायरीपाशी आले. काकूंचे डोळे अजून मिटलेले, हाक अजून चालू.

"इथंच हाय की," सर म्हणाले.

काकूंनी डोळे उघडले. माइक त्यांच्या हातात तसाच चालू होता, त्यामुळे पुढचं सगळ्या गावानं ऐकलं. सर त्यांच्याकडं बघत होते, आणि कित्येक महिन्यांत न दिसलेलं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"आता ऐकलं," ते म्हणाले.

मग काकूंचं रडणं भोंग्यावरून ऐकू यायला लागलं आणि शिपायानं पळत जाऊन बटण बंद केलं.

त्याच हिवाळ्यात, संक्रांतीच्या आधी, सर गेले. त्या दिवशीची थंडी छातीत बसली होती, ती निघालीच नाही. काकू लोकांसमोर रडल्या नाहीत. भेटायला आलेल्या प्रत्येक बाईला एकच वाक्य सांगत होत्या, "मी घेतलं." बाया म्हणायच्या, असं म्हणू नये. पण म्हणताना त्यांची नजर खाली असायची, आणि ते काकूंना दिसत होतं.

मी अजून त्याच खोलीत राहते. शेळी आहे. तिला आता इंग्रजीत कुणी बोलत नाही, तरी "हिअर" म्हटलं की कान टवकारते. सरांचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. ते एकदा मी माइकवर घेऊन पाहिलं, माझ्यानं ते झालं नाही. ते ज्यांचं आहे त्यांच्याकडंच राहू द्यावं.

परवा शाळेतून आले तर काकू शेळीपुढं पाला टाकत होत्या. मला म्हणाल्या, "बाई, तुमी हिशोबाच्या. एक खरं सांगा. मी नाव घेतलं म्हणून त्ये आले, का मी नाव घेतलं म्हणून त्ये गेले?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी वर्षभर तयार ठेवलं होतं. "नाव घेतलं म्हणून आले, काकू. गेले ते थंडीनं."

काकूंनी मान हलवली. माझी समजूत काढावी तशी. "न्हाई. आले बी माझ्यानं आन् गेले बी माझ्यानं." मी काही बोलणार तोच त्यांनी हातानं थांबवलं. "पर बाई, अंधार पडायलता. पायात एक चप्पल न्हवती. नाव माझ्या तोंडात असताना त्यान्ला तसं एकट्याला तुरीत बसू देऊ का मी? परत तसं झालं तर परत घेईन."

दिवेलागण झाली होती. काकूंनी हात झटकले, ओसरीच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या आणि ओढ्याकडं तोंड करून त्यांनी नाव घेतलं. मोठ्यानं नाही, जेवायला बोलवावं इतपत. रोज घेतात, हे त्या सवयीच्या सुरावरून मला तेव्हा कळलं. थोडा वेळ थांबल्या. गल्लीत कुणी नव्हतं, कसलाच आवाज नव्हता.

"ऐकू गेलं असंल," काकू म्हणाल्या. "आता बँड बी न्हाई."